खोकेवाल्या ताईंचं निवेदन

नाशिक, फेब्रुवारी 2026

प्रिय तू,

फोटो पाहून तू पोट धरून हसली असणार, हे मला ठाऊक आहे. 'पुढारीण झालीस की काय?' एवढंच लिहिलंस आणि खाली तीन नाचणाऱ्या बाहुल्या पाठवल्यास. बाई गं, पुढारी वगैरे काही नाही. फोटोत एक कागद आहे ना, आणि त्याला चिकटलेले नऊ हात? त्यातला बांगड्यांचा हात माझा. आमच्या संघटनेनं मंत्रिमहोदयांना निवेदन दिलं, त्याचा तो फोटो. तुला सांगते, निवेदन देताना कागदाला हात लागला नाही, तर आपण शिष्टमंडळात होतो हे पुढे कुणाला पटवता येत नाही. म्हणून सगळे कागदावर असे तुटून पडतात, की ज्यांना द्यायचा त्यांनाच धरायला कोपरा उरत नाही. मंत्र्यांनी शेवटी खालून धरला. बिचारे सरावलेले दिसले.

आमच्या इंडस्ट्रियल एरियात कुणाला आडनाव नसतं. स्प्रिंगवाले, पावडर कोटिंगवाले, रबरवाले काका, आणि मी खोकेवाल्या ताई. 2022 मध्ये राजकारणात खोक्यांच्या घोषणा झाल्या, तेव्हापासून या महाराष्ट्रात 'माझा खोक्यांचा धंदा आहे' असं सरळ तोंडानं सांगायची सोय राहिलेली नाही. समोरचा आधी हसतो, मग 'किती?' विचारतो. मी आपली 'कोरुगेटेड बॉक्स' म्हणायला शिकले. तीन प्लाय, पाच प्लाय, हवा तो साइज. सासऱ्यांनी सुरू केलेली दोन मशिनं होती. आता चार आहेत आणि चौथीचा हप्ता चालू आहे.

सध्या द्राक्षांचा हंगाम. दिंडोरी-पिंपळगावकडून सकाळी सहाला फोन सुरू होतात, 'ताई, खोकी निघाली का?' खोकी निघतात वेळेवर, पैसे निघत नाहीत. एक्स्पोर्टवाले म्हणतात, बोट रॉटरडॅमला लागली की देतो. बोट लागते, मग म्हणतात, तिकडच्या पार्टीनं अजून सोडले नाहीत. तू मँचेस्टरला बसून जी टप्पोरी द्राक्षं खातेस ना, त्यांच्या खोक्याचे पैसे कदाचित मला अजून यायचेत. खाताना जरा आठवण ठेव माझी.

'मला धंद्यातलं काही कळत नाही' असं म्हणू नकोस. हॉस्टेलवर चहाची उधारी पैशापैशानं लिहून ठेवणारी तूच. तर ऐक. क्राफ्ट पेपरची मिल मला उधारी देते ती जेमतेम पंधरा दिवसांची, नाहीतर आगाऊ पैसे मागते. कामगारांचा पगार सात तारखेला. लाइटबिल त्याच्या तारखेला. जीएसटी पुढच्या महिन्याच्या वीसला, मग गिऱ्हाइकानं पैसे दिलेले असोत की नसोत. बिल फाडलं ना, मग भर. आणि गिऱ्हाईक? मोठ्या कंपनीच्या पर्चेस ऑर्डरवर छापलेलं असतं नव्वद दिवस. नव्वदाव्या दिवशी मी फोन करते. अकाउंट्समधला मुलगा फार गोड बोलतो. 'मॅडम, तुमचा चेक तयार आहे, फक्त साहेबांची सही राहिलीय.' साहेब टूरवर. साहेब आले की सिस्टिम बंद. सिस्टिम चालू झाली की माझ्या एका चलनावर स्टोअरचा शिक्का नाही. बिनव्याजी भांडवल कुणाला मिळतं विचारशील, तर मोठ्या कंपनीला मिळतं, माझ्यासारखीकडून.

त्यात गेल्या 22 सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर आले. खोक्यांवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 वर आला. पेढे वाटायचे ना? पण त्याच दिवशी क्राफ्ट पेपर 12 वरून 18 वर गेला. म्हणजे कागद घेताना मी 18 भरते, खोकं विकताना 5 घेते, आणि मधला फरक सरकारकडे अडकतो. रिफंड मिळतो, नाही असं नाही. पण मागायचा, कागद लावायचे, वाट बघायची. पेपरात बातमी आली 'पॅकेजिंग स्वस्त'. आमच्या ह्यांनी ती कापून ऑफिसात काचेखाली ठेवलीय, कर्जाच्या कागदांच्या शेजारी.

बघ, रडगाणंच सुरू केलं मी. तू नेहमी म्हणायचीस, माझं पत्र आधी चहा घेऊन मग उघडावं लागतं.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच. कायदा आमच्या बाजूनं आहे! चांगला खणखणीत आहे. 2006 चा एमएसएमईडी कायदा, खास छोट्या-मध्यम उद्योगांसाठीचा. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्या, असेल तरी जास्तीत जास्त 45. त्यापुढे एक दिवस गेला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल. निकाल विरुद्ध गेला आणि कंपनीला कोर्टात जायचं असेल तर आधी 75 टक्के रक्कम भरा, मग बोला. ऑनलाइन तक्रारीची सोयही 2017 पासून आहे, ती 'समाधान' नावाच्या पोर्टलवर सुरू झाली. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, हे कुणीतरी माझ्याच टेबलाशी बसून लिहिलंय.

पण तक्रार करणार कोण? माझी निम्मी खोकी जिथे जातात, त्या कंपनीविरुद्ध मी अर्ज टाकला, तर व्याज मिळेल तेव्हा मिळेल, पुढची ऑर्डर त्याच दिवशी बंद. आणि ही बातमी पर्चेसच्या माणसांत दुपारच्या जेवणाआधी पसरते. रबरवाले काका म्हणतात, 'ताई, तो कायदा धंदा बंद करून घरी बसलेल्यांसाठी आहे.' खोटं नाही. आमच्याकडे ज्यांनी अर्ज केले, त्यांतल्या बहुतेकांचे त्या कंपनीशी संबंध आधीच तुटलेले होते.

मेसच्या आमटीचा अर्ज आठवतोय? रेक्टरबाई पहिली सही कुणाची ते बघून तिलाच बोलावून घ्यायच्या, म्हणून तू सगळ्या सह्या गोलात घ्यायला लावल्या होत्यास. पहिली कुठली आणि शेवटची कुठली, कळायची सोय नाही. बाई चष्मा लावून कागद फिरवत बसल्या होत्या! संघटना म्हणजे मला तेच वाटतं बघ. एकटीनं बोललं तर ऑर्डर जाते, म्हणून सगळ्यांनी मिळून, कुणाचंच नाव पुढे न करता बोलायचं. निवेदन, शिष्टमंडळ, हार, शाल, नारळ हा सगळा तमाशा मला पूर्वी हास्यास्पद वाटायचा. अजूनही वाटतो, पण आता मी वर्गणी देते.

आणि गंमत ऐक. 2023 च्या अर्थसंकल्पात सरकारनं एक नामी युक्ती काढली. प्राप्तिकराच्या कायद्यात फॉर्टीथ्री-बी-एच नावाचं शेपूट जोडलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे त्या 45 दिवसांच्या मुदतीत दिले नाहीत, तर ती रक्कम त्या वर्षी खर्चात धरायची नाही. तेवढ्यावर कर भरा; पैसे ज्या वर्षी द्याल त्या वर्षी वजावट घ्या. म्हणजे मला तक्रारच करायला नको. माझ्या गिऱ्हाइकाच्या मागे त्याचा स्वतःचा सीए लागणार! ज्यानं कुणी हे सुचवलं त्याला मी एक गाडी भरून खोकी फुकट देईन.

2024 चा मार्च तुला सांगते, दिवाळीच होती. तोच अकाउंट्समधला गोड मुलगा, पण या वेळी त्याचा स्वतःहून फोन. 'मॅडम, तुमचं उद्यम सर्टिफिकेट तेवढं पाठवता का? आज पाठवलंत तर बरं.' उद्यम म्हणजे आमची सरकारी नोंदणी, ती असली तरच हे लागू. इतकी वर्षं त्याला माझं सर्टिफिकेट वाचायला वेळ नव्हता. 31 मार्चच्या आत पैसे जमा! मी मोबाइलवर मेसेज दोनदा वाचला, मग ह्यांना वाचायला लावला.

पण मोठी माणसं काही हात बांधून बसत नाहीत. आमच्या एका सभासदाकडे विचारणा आली, की तुम्ही उद्यम नोंदणी रद्द करता का, म्हणजे ऑर्डर चालू ठेवायला आम्हाला सोपं पडेल. दुसऱ्याचा माल मार्चअखेर कागदावर परत आला आणि एप्रिलमध्ये कागदावरच पुन्हा गेला. गोदामातून एक खिळा हलला नाही. कायद्याचं शेपूट जेवढं बारीक, तेवढी पळवाट बारीक, पण असतेच.

मला सगळ्यात करमणूक झाली ती आमच्या त्या वेळच्या बैठकीत. मला वाटलं होतं, सगळे एका सुरात म्हणतील, कलम राहू द्या. कसलं काय! कापडबाजारातले दोघे उठून उभे राहिले. 'आमचा सगळा बाजार सहा-सहा महिन्यांच्या उधारीवर चालतो. दुकानदार मला देणार नाही, मी मालवाल्याला कुठून देऊ? कलम पुढे ढकला.' तेही छोटेच की! देशभरात तेच चाललं होतं. व्यापाऱ्यांच्या संघटना म्हणत होत्या स्थगिती द्या, कारखानदारांच्या म्हणत होत्या हात लावू नका. त्यात उद्यममध्ये व्यापाऱ्यांना 2021 पासून घेतलंय ते फक्त प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरतं. म्हणजे 45 दिवसांत द्यायचं बंधन त्यांच्यावर, घ्यायचा हक्क मात्र त्यांना नाही. त्यांचा राग मला पटला. पण मत मी विरुद्ध दिलं. स्प्रिंगवाले माझ्या कानात म्हणाले, 'ताई, छोटे उद्योजक ही एक जात आहे असं फक्त भाषणात असतं.' शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. निवेदनात लिहिलं, 'शासनाने सर्व घटकांचा साकल्याने विचार करावा.' मग समोसे आले.

ह्या 'साकल्याने'वरून माझं आणि अध्यक्षांचं भांडण तिथपासूनच सुरू झालं. माणूस सोन्यासारखा, पण निवेदन सात पानी. पहिलं पान नुसतं 'महोदय, आपल्या कार्यकुशल नेतृत्वाखाली'. मागण्या सहाव्या पानावर, त्या एकवीस. मी म्हटलं, साहेब, ज्या माणसाकडे दिवसाला चाळीस निवेदनं येतात तो सहावं पान बघेल का? अर्धं पान लिहा, एक मागणी, एक आकडा. त्यावर म्हणाले, 'मग ताई, तुम्हीच लिहा.' अशी मी मसुदा समितीत आले. समिती म्हणजे मी आणि एक शाई वाळलेला शिक्का.

पूर्वीची मंडळी किती नेटानं हे काम करायची, वाचून मला चकित व्हायला होतं. 1927 साली वालचंद हिराचंदांनी महाराष्ट्र चेंबर काढलं. 1934 साली पुण्यात मराठा चेंबर उभं राहिलं, त्यात आ. रा. भटांचा मोठा हात; लहान उद्योगांची बाजू ते आयुष्यभर मांडत राहिले. आकडे गोळा करायचे, लिहायचे, मांडायचे, पुन्हा मांडायचे. त्या काळी मागणी असायची संरक्षणाची. 1967 साली 47 वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या असं ठरलं, पुढे ती यादी आठशेवर गेली. मग एकेक वस्तू निघत निघत शेवटच्या वीस राहिल्या, त्याही एप्रिल 2015 मध्ये गेल्या. त्या वीसांत काय होतं माहितीये? लोणचं, पाव, मेणबत्त्या, अगरबत्ती, काचेच्या बांगड्या, कुलपं, शाळेच्या वह्या. आपल्या आजीच्या घरातलं फडताळच की ते! मला त्या राखीव यादीबद्दल फार हळहळ नाही. तिनं लहानांना लहानच ठेवलं, असंही म्हणतात आणि मला त्यात तथ्य वाटतं. मला राखीव काही नको. माझे मला वेळेवर दे, एवढंच.

एकजूट असली की काय होतं, हे 2021 च्या डिसेंबरात दिसलं. कापड आणि चपला, दोन्हींवरचा जीएसटी 1 जानेवारीपासून 5 चा 12 होणार होता. कापडवाल्यांनी देशभर रान उठवलं. 31 डिसेंबरला, अक्षरशः शेवटच्या दिवशी, जीएसटी कौन्सिल बसलं आणि कापडाची वाढ थांबली. चपलांची नाही थांबली! हजाराच्या आतल्या चपलेवर दुसऱ्या दिवसापासून 12 टक्के. त्यांना परत 5 वर यायला हा गेला सप्टेंबर उजाडला. कापडाचे बाजार एका हाकेला बंद होतात. चपला शिवणारा गल्लीत एकटा बसतो, तो काय बंद करणार?

गावातल्या गावात मात्र सगळं वेगळं. इथे धोरण म्हणजे दिवा. आमच्या रस्त्यावर रात्री अंधार, बायका दुसऱ्या पाळीला यायला तयार नाहीत. बैठकीत विषय काढला. एक साहेब म्हणाले खांब आमचा, दिवा त्यांचा. ते म्हणाले दिवा आमचा, पण वीज जोडणी यांची. हे म्हणाले जोडणी देऊ, पण आधी रस्ता कुणाच्या ताब्यात ते ठरू दे. तिघंही एकाच टेबलाशी बसून एकमेकांना पत्र पाठवायचं ठरवून उठले. मग रबरवाल्या काकांनी दुसऱ्या दिवशी आपल्या गेटवर एक हॅलोजन लावला, रस्त्याकडे तोंड करून. ते आमचं आतापर्यंतचं सगळ्यात यशस्वी निवेदन.

विजेच्या दराचं तसं नाही हं. तिथे वीज नियामक आयोगासमोर जनसुनावणी होते, कुणीही जाऊन हरकत घेऊ शकतं. इचलकरंजीचे प्रताप होगाडे वर्षानुवर्षं तिथे आकडे घेऊन उभे राहतात. मला ते फार भावतं. घोषणा नाही, पुतळा जाळणं नाही. तुमच्याच कागदातला हा आकडा आणि हा आकडा जुळत नाही, सांगा. मला तसं व्हायचंय. तू म्हणशील, गणितात काठावर पास झालेली बाई!

आणि हो, बाई म्हणून काय होतं तेही ऐक. उद्योजिका म्हणून मला संक्रांतीच्या कार्यक्रमाला बोलावतात, सत्कार करतात, वाण देतात. बँक रेटच्या चर्चेला बोलावताना मात्र 'मिस्टर येणार आहेत ना?' असं विचारतात. मिस्टर येतात. मागे बसतात आणि कुणी काही विचारलं की माझ्याकडे बोट दाखवतात. त्या दोन्ही वेळी ह्यांचं लग्नाच्या वेळेपेक्षा जास्त कौतुक वाटतं.

आता कामाचं बोलते, कारण माझं एक काम तुझ्याकडे आहे. आपल्याकडे कंपन्यांना वर्षातून दोनदा एक फॉर्म भरावा लागतो, एमएसएमई-वन. छोट्यांचे 45 दिवसांवर थकलेले पैसे कुणाचे, किती, आणि का थकले, ते त्यात लिहायचं. 2019 पासून आहे. पण तो जातो कंपनी निबंधकांकडे. ऑर्डर घ्यायच्या आधी ही कंपनी सरासरी किती दिवसांनी पैसे देते, हे मला एका जागी, सहज, फुकट बघता यावं, एवढी एकच मागणी मला या खेपेला लिहायचीय. कुणी तक्रार करायला नको, कुणाची ऑर्डर जायला नको. नुसतं दिसू दे.

तुमच्याकडे हे 2017 पासून आहे म्हणे. मोठ्या कंपन्यांना वर्षातून दोनदा, किती दिवसांत पैसे देतो, हे सरकारी वेबसाइटवर जाहीर करावं लागतं. उशिराला व्याजाचा कायदाही तुमच्याकडे 1998 पासून, बँकेच्या मूळ दरावर आणखी 8 टक्के. आणि तिथल्या छोट्या धंदेवाल्यांची संघटना 1974 साली काढणाऱ्या गृहस्थांचं आडनाव स्मॉल होतं, हे मी अध्यक्षांना सांगितलं तर ते म्हणाले, ताई, थट्टा पुरे.

तर तू एवढं कर. त्या वेबसाइटवर तुमच्या ओळखीच्या एखाद्या मोठ्या दुकानाचं पान उघड आणि ते कसं दिसतं ते मला फोटो काढून पाठव. कुठले रकाने आहेत, सामान्य माणसाला वाचता येतं का, सगळं. शिवाय निवेदनात 'ब्रिटनमध्ये' असा शब्द आला की आमच्या अध्यक्षांना ते सात पानी नसल्याचं दुःख कमी होईल. शनिवारच्या आत पाठव, आणि नेहमीसारखं 'बघते गं' म्हणून महिनाभर गप्प बसू नकोस. तुझ्याकडूनही मी 45 दिवसांनंतर चक्रवाढ लावीन.

आईंना नमस्कार सांग, त्या तिकडच्या थंडीत कशा आहेत ते लिही. तुझ्या लेकीचं ढोल पथक मँचेस्टरमध्ये शेजाऱ्यांनी अजून बंद कसं पाडलं नाही, तेही.

तुझी,
खोकेवाली

ता. क. कुरडया आणि बेदाणे पाठवलेत. पाच प्लाय आहे, बिनधास्त आपट. बिल आत ठेवलेलं नाही, पण तुझं काही सांगता येत नाही, पावती मागशील.